कसर मेली, पण पैठणीचे काय?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोटलेली गर्दी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. ती नखे नेमकी कोणती, यावर अभ्यासकांत वादही झाला. तो वाद आज बाजूला ठेवू. येथे एवढेच नोंदवायचे आहे, की वाघनखे पोलादाची आहेत. पोलादाला गंज चढतो. कसर लागत नाही. आपल्या इतिहासप्रेमाचा ओढा तलवारी, तोफा आणि किल्ल्यांचे चिरे यांकडे, म्हणजे ज्याला कीड खात नाही त्याकडे, अधिक असावा हा योगायोग असेल. परंतु त्याची किंमत दुसऱ्याच वस्तूंना मोजावी लागते.

कारण वारशाचा मोठा भाग लोखंडाचा वा दगडाचा नाही. तो लोकरीचा, रेशमाचा, कातड्याचा, पिसांचा, हाडाचा आणि हस्तिदंताचा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास सुरू केलेल्या या खटाटोपात दिवे आणि अडकित्ते जसे आले, तशी वस्त्रे आली आणि कातडे मढविलेली वाद्येही आली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, श्री. परशुराम गंगावणे यांनी त्या जपून ठेवल्या, त्यांचे संग्रहालय उभारले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धाराशिव जिल्ह्यात तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळाशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे; १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. वरवर पाहता या वस्तूंचे एकमेकींशी काही नाते नाही. परंतु त्या सर्वांच्या घडणीत प्रथिन आहे. कीड अशा वस्तू खाते, हे सर्वांना दिसते. कीड मारण्याचा उपायही त्या खाऊ शकतो, हे मात्र सहसा दिसत नाही.

रसायनशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या प्रांतात का शिरावे, याचे उत्तर पुढे येईल. तूर्त विषयापुरते रसायन समजून घेणे भाग आहे. लोकर, केस, पिसे आणि शिंगे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात. रेशमाचे प्रथिन फायब्रॉइन. कातडे, हाड आणि हस्तिदंत यांत कोलॅजेन असते. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या दुव्यांनी घट्ट बांधलेल्या असतात. म्हणूनच धनगराची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि म्हणूनच बहुतेक प्राण्यांना लोकर पचत नाही. लोकर खाणाऱ्या पतंगाची अळी आणि कातडे-पिसे खाणाऱ्या भुंगेऱ्यांची अळी हे अपवाद होत. त्यांच्या आतड्यात हे गंधकाचे दुवे तोडण्याची सोय आहे. (घरात फिकट सोनेरी पतंग उडताना दिसला की आपण त्याला मारायला धावतो, वस्तुतः तो काहीच खात नाही. खाणारी अळी तोवर घोंगडीच्या घडीत आपले काम उरकून बसलेली असते.)

आता गंमत अशी, की जेथे अळीचे दात लागतात तेथेच काही रसायनांचेही लागतात. मिथिल ब्रोमाइड हा वायू धान्याची कोठारे, जहाजे आणि संग्रहालये यांत धुरी देण्यासाठी जगभर वापरला गेला. कीड मारण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. परंतु लोकर, पिसे, केस आणि चामडे यांतील गंधकाशी त्याची अभिक्रिया होते आणि त्यातून निर्माण होणारा कुबट दर्प वस्तूला कायमचा चिकटतो. दर्प ही केवळ नाकाची तक्रार नव्हे. वस्तूची घडण बदलल्याची ती वर्दी असते. शेवटी या वायूला आळा बसला तो मात्र लोकरीच्या दयेपोटी नव्हे, ओझोनच्या थरासाठी. १९८७च्या माँट्रियल करारान्वये प्रगत देशांनी त्याचा सर्वसाधारण वापर २००५पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५पर्यंत थांबवावयाचा होता. आयात-निर्यातीच्या मालाची निर्जंतुकी एवढीच वाट मोकळी राहिली. एथिलीन ऑक्साइडची गोष्टही अशीच. २०२४ साली भारतीय मसाल्यांच्या निर्यातीवरून जे नाव वर्तमानपत्रांत गाजले, तेच हे. बुरशी आणि कीड या दोहोंवर तो लागू पडतो. पण प्रथिनांतील अमिनो गटांशी तो जोडला जातो, कातड्यात मुरून राहतो, आणि माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत त्याची गणना झालेली आहे.

आमच्या गेवराईच्या वाचकाला या दोन वायूंपेक्षा तिसरा अधिक ओळखीचा वाटेल. ज्वारीच्या आणि गव्हाच्या साठ्यात ठेवावयाच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतील ओलाव्याने या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो आणि पोरकिडे मरतात. कायद्याने ही गोळी शासकीय यंत्रणा आणि मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोल चालक यांच्यापुरती मर्यादित आहे. तरीही ‘धान्याची गोळी’ म्हणून तिची कीर्ती खेडोपाडी पोहोचली आहे, आणि तिने घेतलेले मानवी बळीही आपल्याला ठाऊक आहेत. घराच्या बंद खोलीत ती कोणत्याही कारणासाठी वापरू नये, हे येथे स्पष्ट म्हटलेले बरे.

ही गोळी धान्याच्या गोदामातून वस्त्रांच्या कपाटाकडे आली तर काय होईल? प्रश्न गोदाकाठच्या माणसाने विचारण्याजोगाच आहे. आमच्या तालुक्यातील राक्षसभुवनापासून नदीच्या वरच्या अंगाला गेले की पैठण लागते, आणि पैठण म्हटले की पैठणी. फॉस्फिन रेशमाला फारसे शिवत नाही. या बाबतीत तो वर सांगितलेल्या दोन वायूंपेक्षा सौम्य आहे. एवढ्यावरून ‘प्रथिनाला सुरक्षित’ असा शिक्का मारून कोणी मोकळे होईल. परंतु पैठणी केवळ रेशमाची नसते. तिचा पदर जरीचा. जुनी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. हलक्या जरीत तांबे. फॉस्फिन तांब्याला ग्रासतो आणि ओलावा असेल तर चांदी-सोन्यालाही सोडत नाही. म्हणजे कसर मेली, रेशीम वाचले आणि पदर काळवंडला! ज्या पदरासाठी ती वस्तू संग्रहालयात आली तोच गेला. साडी तशीच आहे, भोक एकही नाही, अहवालात ‘उपाययोजना यशस्वी’ असे लिहिण्यास कोणतीही अडचण नाही.

या उदाहरणात विषयाचे मर्म आहे. संग्रहालयातील वस्तू एका पदार्थाची क्वचितच असते. पखवाज म्हणजे कातडे, लाकूड आणि शाई. चामड्याची बाहुली म्हणजे कातडे आणि त्यावरचा रंग. आणि धुरी देताना आपण वस्तूला नव्हे, खोलीला धुरी देतो. तेरच्या मूर्तीसारख्या हस्तिदंताला पतंगाची भीती नाही. पण शेजारच्या कपाटातील वस्त्राला कसर लागली म्हणून सगळे दालन बंद करून धुरी दिली, तर निरपराधालाही शिक्षा भोगावी लागते.

घरगुती उपायांविषयी येथे दोनच शब्द. दिवाळीआधी ठेवणीतल्या साड्यांना ऊन दाखविण्याची आपली रीत आहे. लोकरीच्या कपड्यांना ती बरी. झटकण्याने अंडी आणि अळ्या पडतात. परंतु नैसर्गिक धाग्यांत प्रकाशाला सर्वांत हळवे कोणी असेल तर ते रेशीम. उन्हाने ते पिवळे पडते आणि ठिसूळ होते. पैठणी सावलीत, वाऱ्यावर टाकावी. डांबराच्या गोळ्यांनी कीड मरते त्यापेक्षा दूर पळते, आणि त्यांची वाफ थंडीत पुन्हा स्फटिक होऊन वस्तूवर बसते. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला यांविषयी आपल्याला ममत्व आहे. असू द्यावे, पण त्यांचा प्रत्यक्ष स्पर्श वस्त्राला होऊ देऊ नये, डाग पडतात.

आता पिसांकडे वळू. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या संग्रहात पक्ष्यांचे सुमारे २९ हजार नमुने आहेत, डॉ. सलीम अली यांची पक्षिविद्या अशाच नमुन्यांच्या संगतीत सुरू झाली. पक्ष्याचे कातडे सोलून, आतून संखियाचा साबण लावून, कापूस भरून ठेवण्याची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाली आणि सर्व जगाने ती उचलली. संखियाने कातडी टिकविली यात शंका नाही. परंतु तो कधीच उडून जात नाही. शंभर वर्षांपूर्वी लावलेला संखिया आजही तेथेच आहे आणि नमुना हाताळणाऱ्याच्या बोटांवर येतो. अमेरिकेतील होपी जमातीला तिच्या पवित्र वस्तू १९९०च्या कायद्यान्वये संग्रहालयांकडून परत मिळू लागल्या, तेव्हा त्यांपैकी काहींत संखिया आढळला. देव घरी आले ते विष लेवून.

एखादा विचारील, की पक्ष्याचे पेंढा भरलेले कातडे थोडे बिघडले म्हणून काय बिघडले? त्याला खानदेशातील रानपिंगळ्याची हकिकत सांगावी. १८७३ साली या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे जगातील संग्रहालयांत त्याची मोजून सात कातडी जमा झाली. अखेरचा नमुना गुजरातेत १९१४ साली मिळविला, असा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा दावा होता; त्यानंतर हा पक्षी कोणाला दिसेना आणि तो नामशेष झाला, असे मानले जाऊ लागले. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने नायजेल कॉलर यांच्यासह ही जुनी कातडी बारकाईने तपासली. शिवण कशी, भरण कशाचे, हाडे कशी कापली, हे पाहता १९१४चा तो नमुना वस्तुतः १८८०च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी तयार केलेला, नंतर चोरलेला आणि नव्याने भरलेला निघाला. गुजरातची नोंद खोटी ठरली. खरी खूण खानदेशाची उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहकारी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ गेले आणि तेथे रानपिंगळा झाडावर जिवंत बसलेला दिसला. शंभरावर वर्षे एका कपाटात पडून राहिलेल्या मूठभर कातड्याने आणि पिसांनी ही साक्ष दिली.

संग्रहालयातील वस्तू ही अशी साक्षीदार असते, आणि साक्षीदाराला काय विचारावयाचे ते प्रश्न पुढच्या पिढ्या ठरवितात. डेव्हिडसनच्या काळी डीएनए हा शब्दही नव्हता. आज पिसाच्या देठातून आणि पंजाच्या कातड्यातून तो काढता येतो. जपानमधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिथिल ब्रोमाइड आणि एथिलीन ऑक्साइड यांसारख्या वायूंची धुरी दिलेल्या वाळविलेल्या नमुन्यांतून डीएनए मिळविणे अवघड झाल्याचे आढळले. थंडी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरलेल्या नमुन्यांत ही अडचण आली नाही. दोन्ही प्रकारचे नमुने डोळ्यांना सारखेच दिसतात. मात्र धुरी दिलेल्या साक्षीदाराची जीभ कापलेली असते.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. संग्रहालयात पेस्ट कंट्रोल करावयाचे म्हणजे सार्वजनिक पैशाचा खर्च, आणि तो खर्च दरपत्रके मागवून, कमीत कमी दराला मान्यता देऊन करण्याची आपली रीत आहे. खुर्च्या आणि खडू खरेदी करताना ती रीत ठीकच. महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर बसलेल्या कोणालाही तिचे फायदे ठाऊक आहेत. परंतु कमी दराची निवड तेव्हाच शहाणपणाची, जेव्हा सर्वांच्या मालाचा परिणाम सारखा असतो आणि तो तपासता येतो. धुरीच्या बाबतीत तपासता येते ते एवढेच, की कीड मेली की नाही. ठेकेदाराचे बिल मेलेल्या किड्यांवर मंजूर होते. पदर काळवंडण्यास काही महिने लागतात, कातडे ठिसूळ होण्यास काही वर्षे, आणि पुसली गेलेली साक्ष तर ज्या दिवशी कोणी विचारील त्याच दिवशी कळणार. तोवर ठेकेदार बदललेला असतो, अभिरक्षक निवृत्त झालेला असतो, लेखापरीक्षण उरकलेले असते. लाभ आज आणि एकाला, तोटा उद्या आणि सर्वांना, अशी ही मांडणी आहे. विहिरीतील उपसा असो की नदीत सोडलेली मळी असो, असा व्यवहार बाजारावर सोडला तर तो चुकीच्याच बाजूला झुकतो, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवितो. शिवाय कारखान्याच्या यंत्राची झीज ताळेबंदात धरली जाते. ज्या वस्तूला बाजारभावच नाही तिची झीज कोणत्या रकान्यात लिहावयाची?

म्हणून फवारणी थांबवा, असे या लेखाचे म्हणणे मुळीच नाही. काहीच न करणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. अळीने खाल्लेली लोकर कोणत्याही प्रयोगशाळेत परत उगवत नाही, आणि समोर वस्त्र फस्त होत असताना आदर्श उपायाची वाट पाहत बसणाऱ्या अभिरक्षकाचे कौतुक कोणी करू नये. प्रश्न उपाय निवडण्याचा आहे, आणि सुदैवाने प्रथिनांच्या वस्तूंसाठी जो उपाय बहुधा बरा तो फार महागही नाही. तो म्हणजे थंडी. उणे ३० अंशांत तीन दिवस, किंवा उणे १८ ते २० अंशांत किमान दोन आठवडे ठेवले की पतंग आणि भुंगेरे अंड्यांसह मरतात. लोकर, रेशीम आणि पिसे यांना ही थंडी साधारणपणे बाधत नाही. वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत, आतील हवा काढून, तोंड पक्के बंद करून ठेवावयाची. बाहेर काढल्यावर किमान एक दिवस पिशवी उघडावयाची नाही, नाहीतर गार वस्तूवर दव धरते. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला डीप फ्रीझर, एक तापमापक आणि थोडा संयम एवढ्यात हे भागते. तालुक्याच्या गावी हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. वीज जाते, हे खरे. गेलेले तास मोजून मुदत वाढवावी.

अर्थात थंडीलाही अपवाद आहेत. हस्तिदंत तडकण्याचे भय असते. ताणून मढविलेले चामड्याचे वाद्य आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागलेली बाहुली यांना फ्रीझरमध्ये घालू नये. त्यांच्यासाठी ऑक्सिजन काढून घेऊन नायट्रोजन भरलेल्या पिशवीत काही आठवडे ठेवण्याची पद्धत आहे. तिने प्रथिनाला धक्का लागत नाही. काही रंग मात्र, विशेषतः प्रशियन निळा, ऑक्सिजनवाचून फिके पडतात. उष्णतेचा उपाय लाकडाला चालतो. जुन्या कच्च्या कातड्याला तो आखडवून टाकू शकतो. तात्पर्य, सर्व वस्तूंना एकच औषध देणारा वैद्य येथे नको. लखनौला १९७६ साली याच कामासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. कोणत्या पदार्थाला कोणता उपाय, असे विचारण्याची जागा देशात नाही, अशी सबब चालणार नाही.

ज्या राज्यात शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात तेथे साडीच्या पदराची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे. परंतु येथे नवा खर्च मागितलेला नाही. होत असलेलाच खर्च डोळसपणे करावा, एवढी मागणी आहे. पेस्ट कंट्रोलच्या निविदेत दोन अटी घालण्यास शासनाला एक रुपयाही लागत नाही. पहिली, दालनातील वस्तू कोणत्या पदार्थांच्या आहेत याची यादी निविदेसोबत जोडावी, आणि वापरावयाच्या प्रत्येक रसायनाचा त्या पदार्थांवरील परिणाम संरक्षणतज्ज्ञाकडून लेखी घेतल्यावाचून दर उघडू नयेत. दुसरी, धुरी दिल्यावर रसायनाचे नाव, मात्रा आणि तारीख ही खोलीच्या रजिस्टरात न लिहिता प्रत्येक वस्तूच्या नोंदपत्रावर लिहावी. ते पत्र वस्तूबरोबर जन्मभर राहते. ती दुसऱ्या संग्रहालयात गेली तरी. आजवर काय काय फवारले गेले हे जेथे लिहिलेले नाही, तेथे ‘पूर्वीची प्रक्रिया अज्ञात, हातमोजे घालून हाताळावे’ एवढी ओळ तरी घालावी. ही ओळ अभ्यासकापेक्षाही, रोज सकाळी ती कपाटे पुसणाऱ्या शिपायासाठी आहे.